आईच्या गोळ्या मावशींच्या तळहातावर: वृद्धनिवासातली औषधांची फेरी आणि हात धुणं

शेवंती | सोमवार, रात्री १०.४०

रविवारी सकाळी आईला भेटायला गेले होते. आई गेले सात महिने सिंहगड रस्त्याच्या बाजूला एका वृद्धनिवासात आहे. (नाव विचारू नका, सांगणार नाही. माणसं वाईट नाहीत आणि आईला तिथे करमतंय.) नऊच्या सुमाराला गोळ्यांची फेरी सुरू झाली. एक मावशी, हातात स्टीलचा ट्रे, त्यात प्रत्येकीच्या नावाचे प्लास्टिकचे डबे. शेजारच्या कॉटवरच्या आजींचा डायपर त्यांनी नुकताच बदलला होता, रबरी हातमोजे घालून. मोजे काढले, बादलीत टाकले, ट्रे उचलला आणि सरळ आईकडे आल्या. डब्यातल्या चार गोळ्या तळहातावर ओतल्या, बोटानं मोजल्या, "आ करा आजी" म्हणाल्या आणि एकेक गोळी आईच्या जिभेवर ठेवली. मग तोच हात पुढच्या आजींच्या डब्यात.

मी गप्प बसले. मावशी प्रेमानं करतात, आई दुसऱ्या कुणाच्या हातून गोळी घेतही नाही. तक्रार केली तर त्या दुखावतील आणि मी नसताना राग आईवर निघेल, ही भीती आहेच, खोटं कशाला बोलू?

मागच्या महिन्यात तिथे एकापाठोपाठ पाच-सहा जणांना जुलाब-उलट्या झाल्या होत्या. पाण्यातून झालं असेल म्हणून टाकी धुऊन घेतली. आता मला वेगळंच वाटायला लागलंय.

औषध देताना हात नेमके कधी धुवायचे असतात? मोजे घातले तर धुवायची गरज नसते का? आणि मुख्य म्हणजे हे मावशींना सांगायचं कसं? जाणकारांनी लिहा.

बोलघेवडा | सोमवार, रात्री ११.०५

आपण हातानं जेवणारी माणसं. आजीनं बोटानं मध चाटवला, मातीत पडलेलं बोर फुंकून खाल्लं, काही झालं नाही. चार गोळ्यांसाठी इतकं सोवळं पाळायचं म्हणजे त्या बिचाऱ्या मावशीनं दिवसभर हातच धुवायचे का? पगार किती देतात तेही विचारा एकदा.

कोथरूडची_खिडकी | सोमवार, रात्री ११.२०

माझ्या सासूबाई तीन वर्षं अशाच ठिकाणी होत्या. तिथे खोकल्याच्या औषधाचा चमचा सगळ्यांना एकच होता. मध्ये पाण्याच्या पेल्यात बुडवायचे, झालं. तो पेलाही दिवसभर तोच. वाचतेय.

निवृत्त_सिस्टर | मंगळवार, सकाळी ६.१५

अगं शेवंती, तू पाहिलंस ते बरोबर पाहिलंस. मी ३४ वर्षं सरकारी रुग्णालयात काढली, शेवटची नऊ वॉर्डची इनचार्ज म्हणून.

आधी एक गंमत सांगते, म्हणजे मावशींवरचा राग थोडा निवेल. आमच्या उमेदीच्या काळात वॉर्डाच्या दाराशी तिपाईवर एनॅमलची चिलमची (हात धुवायचं पसरट भांडं) असायची. तिच्यात डेटॉलचं दुधी पाणी, बाजूला खुंटीवर एक टॉवेल. मोठे डॉक्टर राउंडला आले की दर पेशंटनंतर त्यात बोटं बुडवायचे आणि त्याच टॉवेलला पुसायचे. अकरा वाजेपर्यंत ते पाणी करडं व्हायचं. आम्ही मुली ती चिलमची मोठ्या भक्तीनं भरून ठेवायचो. कुणाच्या मनातही यायचं नाही की चौथ्या खाटेचं दुखणं पाचव्या खाटेला आपणच पोचवतोय. तेव्हा शिकलेल्यांचं हे, मग मावशींना कोण शिकवणार?

आता मुद्द्याचं. हात कधी साफ करायचे याच्या पाच वेळा जागतिक आरोग्य संघटनेनं २००९ साली ठरवून दिल्या आहेत. माणसाला हात लावण्याआधी. सुई, नळी, डोळ्यातले थेंब असं काही जपून करायचं असेल त्याआधी. रक्त, लघवी, शी, थुंकी यांच्याशी संबंध आल्यावर. माणसाला हात लावून झाल्यावर. आणि माणसाला न शिवता नुसत्या त्याच्या कॉटच्या दांडीला, चादरीला, टेबलाला हात लागला तरी, तिथून निघताना. तुझ्या मावशींनी मोजे काढून ट्रे उचलला त्या एका मिनिटात यातल्या किमान तीन वेळा हुकल्या.

मोज्यांचं म्हणशील तर ते मावशींना वाचवतात, तुझ्या आईला नाही. काढताना बाहेरची बाजू मनगटाला, बोटांना लागतेच, बारीक छिद्रंही असतात. म्हणून मोजे काढले की हात साफ करायचेच. आणि मोजे घालूनच दहा जणांना गोळ्या वाटणं हा त्याहून वाईट प्रकार मी पाहिलाय. घालणारी निर्धास्त, बघणारे नातेवाईक खूश, "बघा किती स्वच्छता!" मोजा एका माणसासाठी, एका कामासाठी, की टाकला.

बोलघेवडासाहेब, सोवळ्यात माणूस विटाळतो, इथे फक्त हात. वीस-तीस सेकंदांत पुन्हा शुद्ध होतो. आणि तुमच्या आजीनं मध चाटवला तेव्हा तिला एकच नातू होता हो. इथे एका हाताला कितीतरी तोंडं आहेत, त्यातली निम्मी मधुमेहाची, कुणाला लघवीची नळी, कुणाला पाठीला जखम.

गोळी हाताला लागायचं कारणच नाही. डाव्या हातात स्ट्रिप, अंगठ्यानं दाबून गोळी थेट छोट्या वाटीत. वाटी आजींच्या हातात, नाहीतर वाटीनंच तोंडात. डब्यात आधीच भरून ठेवल्या असतील तर डबा वाटीत उलटा करायचा. खाली पडली तर टाकून द्यायची, फुंकून द्यायची नाही. अर्धी गोळी नखानं तोडू नये, दातानं तर नाहीच (हसू नकोस, पाहिलंय). कापायचं छोटं यंत्र औषधाच्या दुकानात मिळतं, ते प्रत्येकीचं वेगळं ठेवावं किंवा निदान दर वेळी पुसावं. गोळी कुटून द्यायची वेळ आली तर स्वैपाकघरातला खलबत्ता आणू नये, आधीच्या गोळीची भुकटी त्यात असते. शिवाय इकोस्प्रिनसारखी आवरण असलेली किंवा हळूहळू विरघळणारी गोळी कुटायचीच नसते. ते डॉक्टरांना विचारूनच.

लांबलं. चहा ठेवलाय.

सूक्ष्मदर्शी | मंगळवार, सकाळी ९.३०

मी नागपूरला प्रयोगशाळेत आहे, दिवसभर हेच जंतू पाहतो. सिस्टरांना अनुमोदन, दोन गोष्टी जोडतो.

कोरडी गोळी स्वच्छ तळहातावरून तोंडात गेली तर आभाळ कोसळत नाही. जठरातलं आम्ल बरंच काही निस्तरतं. (आम्ल कमी करायच्या गोळ्या रोज घेणाऱ्यांना हा आधार कमी, आणि वृद्धनिवासात त्या गोळ्या अनेकांना चालू असतात.) खरी भीती हाताचा आधीचा मुक्काम कुठे होता याची. डायपर ते गोळी हा थेट मार्ग आहे. जुलाबाचे विषाणू अगदी थोडे पोटात गेले तरी पुरतात.

आता जुलाबाची साथ. अल्कोहोलचा हँडरब (हातांना चोळायचा सॅनिटायझर) एरवी उत्तम, साबणापेक्षा सरसच. पण क्लॉस्ट्रिडिऑइड्स डिफिसिल नावाचा एक जंतू आहे, प्रतिजैविकांचे कोर्स झालेल्या म्हाताऱ्या माणसांना तो गाठतो. त्याची बीजं अल्कोहोलला भीक घालत नाहीत. जुलाब-उलट्यांचा नोरोव्हायरस हा विषाणूही अल्कोहोलला पुरेसा दबत नाही. म्हणून कुणालाही जुलाब चालू असतील, किंवा हाताला डोळ्यांना दिसेल असं काही लागलं असेल, तर नळाखाली साबणानंच धुवायचं. चोळण्यानं आणि वाहत्या पाण्यानं तो ऐवज हातावरून निघून जातो, एवढाच त्यातला मंत्र. टाकी धुतली ते चांगलंच केलं, पण नुसती टाकी धुऊन भागत नाही.

आणि हँडरबच्या बाटलीत पाणी घालून ती वाढवू नका! वास येतो म्हणून ते काम करतं असं नाही. अल्कोहोल साठ टक्क्यांच्या खाली गेलं की भरवसा संपला. जागतिक आरोग्य संघटनेच्या कृतीत ८० टक्के इथेनॉल किंवा ७५ टक्के आयसोप्रोपिल असतं. पातळ साबणाच्या बाटलीत उरलेल्यावर नवा साबण ओतत राहणं हेही तसंच: तळाशी जंतूंची वसाहत. बाटली संपू द्यावी, धुऊन कोरडी करावी, मग भरावी.

केअरटेकर_सातारकर | मंगळवार, दुपारी २.१०

मी सभासद होऊन दोन वर्षं झाली, पहिल्यांदा लिहितेय. चुकलं तर सांभाळून घ्या.

मी हेच काम करते. आधी ब्यूरोतर्फे घरोघरी, आता एका केंद्रात. तुमच्या धाग्यातल्या मावशी म्हणजे मीच समजा.

आमच्याकडं सकाळी आठ ते रात्री आठ. माझ्याकडं चौदा आजी-आजोबा. आठ ते नऊ अंघोळी, डायपर, वेण्या. नऊला नाष्टा आणि गोळ्या एकदम, कारण साखरेची गोळी खाण्याच्या हिशोबानं द्यायची. हात धुवा म्हणता. बेसिन कुठंय? एक संडासात, एक स्वैपाकघरात. स्वैपाकघरात डायपरचे हात घेऊन गेलं की आचारी ओरडतो. संडासात कुणीतरी आजोबा बसलेले असतात. साबणाची वडी पाण्यात भिजून लगदा झालेली. पुसायला खिळ्यावरचं एक फडकं, तेच सगळ्यांना. हिवाळ्यात पाणी बर्फ, हाताला भेगा पडतात, रात्री भाकरी थापताना मीठ लागलं की डोळ्यांत पाणी येतं.

मला माहीत नाही असं नाही हो. मला हात धुवायला कुणी जागा दिली नाही.

आणि बाई बोलल्या नाहीत हे बरं केलं की वाईट, माहीत नाही. मला कुणी चारचौघांत म्हणालं असतं "हात घाण आहेत तुमचे", तर मी काम सोडलं असतं. एकटीला बाजूला घेऊन म्हणालं असतं "मावशी, ट्रेमध्ये बाटली ठेवू का?" तर लगेच हो म्हणाले असते.

कोथरूडची_खिडकी | मंगळवार, दुपारी २.२५

सातारकर ताई, लिहीत राहा.

गणितमास्तर | मंगळवार, दुपारी ३.००

सातारकरबाईंच्या चौदा जणांचा हिशोब मांडून पाहिला. साबण-पाण्यानं नीट धुवायला, पुसण्यासकट, ४० ते ६० सेकंद सांगितलेले आहेत. बेसिनपर्यंत जाऊन येण्याचं मिनिट धरा, म्हणजे माणशी दोन मिनिटं. चौदा जणांना २८ मिनिटं! तोवर इडली थंड. हँडरबला २० ते ३० सेकंद, आणि जागचं हलायला नको. चौदा गुणिले २५ सेकंद, जेमतेम सहा मिनिटं. त्यातही चोळता चोळता पुढच्या आजींशी "काय, झोप लागली का?" एवढं बोलून होतं. मी व्यवस्थापक असतो तर वाचलेल्या बावीस मिनिटांसाठी महिन्याला चार बाटल्या आनंदानं आणल्या असत्या.

सूक्ष्मदर्शी | मंगळवार, दुपारी ४.४५

मास्तरांच्या हिशोबाला पुरावाही आहे. जिनिव्हाच्या विद्यापीठ रुग्णालयात प्राध्यापक दिदिए पिते यांच्या चमूनं १९९४ ते १९९७ मध्ये नेमकं हेच केलं: बेसिनवर भिस्त न ठेवता अल्कोहोलची बाटली खाटेशी आणि खिशात आणली, भिंतींवर चित्रं लावली, मोजमाप करून लोकांना दाखवलं. हात साफ करण्याचं प्रमाण ४८ टक्क्यांवरून ६६ टक्क्यांवर गेलं. तीही स्वित्झर्लंडमधली शिकलेली माणसं, आणि सुरुवातीला निम्म्या वेळाही साफ करत नव्हती.

भेगांबद्दल: ग्लिसरीन असलेला हँडरब सततच्या साबणापेक्षा त्वचेला सौम्य असतो. भेग पडलेल्या हातावर मात्र झोंबतो, आणि झोंबला की माणूस टाळतो. रात्री व्हॅसलीन किंवा खोबरेल लावून झोपा, सकाळी हात शाबूत.

ओहायोची_नर्स | बुधवार, पहाटे ५.२०

इकडे संध्याकाळ आहे, शिफ्ट संपवून लिहितेय. मी अमेरिकेत नर्सिंग होममध्ये काम करते. (आपल्याकडे नर्सिंग होम म्हणजे बाळंतपणाचं छोटं हॉस्पिटल. माझ्या सासरच्यांना अजून वाटतं मी बाळंतपणं करते. इथलं नर्सिंग होम म्हणजे शेवंतीताईंच्या वृद्धनिवासासारखंच, फक्त चोवीस तास नर्स असलेलं.)

इथे गोळ्यांच्या फेरीला 'मेड पास' म्हणतात आणि सरकारी तपासनीस न सांगता येऊन ती बघतात. कमीत कमी २५ औषधं देताना तो पाठीशी उभा राहतो आणि लिहून घेतो. चुकांचं प्रमाण पाच टक्के किंवा वर गेलं की संस्थेवर ठपका, आणि हात साफ न करणं हा संसर्गाच्या कलमाखाली वेगळा ठपका. पहिल्यांदा तो माझ्यामागे उभा राहिला तेव्हा माझ्या हातून गोळी ट्रॉलीवर सांडली. मी सवयीनं उचलायला गेले आणि थांबले. टाकली, नवीन काढली. त्यानं काहीतरी लिहिलं, माझा घसा कोरडा. नंतर कळलं, बरोबर केलं म्हणून लिहिलं होतं.

पण मला लिहायचंय ते गोळ्यांबद्दल नाही. शेवंतीताई, तिथे साखर कशी तपासतात? बोटाला टोचायचं पेन किती आहेत, तेवढं बघून याल का? कारण सांगते. २०१० साली नॉर्थ कॅरोलायना राज्यातल्या अशाच एका वृद्धनिवासात आठ जणांना हिपॅटायटिस बी (रक्तातून पसरणारा, यकृताचा विषाणूजन्य आजार) झाला. सहा दगावले. आठही जणांची साखर तिथले कर्मचारी तपासत असत, आणि टोचायचं साधन अनेकांना मिळून वापरलं जात होतं. हा विषाणू वाळलेल्या रक्तात सात दिवस जिवंत राहतो, आणि डोळ्यांना दिसणारही नाही एवढं रक्त पुरतं.

शेवंती | बुधवार, सकाळी ७.०५

अरे देवा. पेन एकच आहे. मी स्वतः पाहिलंय. ड्रॉवरमध्ये ग्लुकोमीटरच्या पाऊचमध्ये असतं. सुई बदलतात बहुतेक. बहुतेक!

निवृत्त_सिस्टर | बुधवार, सकाळी ७.३०

घाबरू नको, पण आजच फोन कर. सुई बदलली तरी पेनाच्या तोंडाशी रक्त लागतं, म्हणून पेन एका माणसाचं एकच. संस्थेत तर पेन वापरूच नये, एकदा टोचली की आपोआप आत अडकणाऱ्या सुया मिळतात, त्या आणाव्यात. ग्लुकोमीटर शक्यतो ज्याचं त्याचं. सामाईक असेल तर दर माणसानंतर जंतुनाशकानं पुसायचं, कंपनीच्या पुस्तिकेत कशानं ते दिलेलं असतं. टोचताना नवे मोजे, टोचून झाल्यावर मोजे काढून हात साफ, मग पुढची. आणि टोचण्याआधी आजींचं बोटही धुऊन कोरडं करा. केळं खाल्लेल्या बोटाची साखर साडेतीनशे येते आणि मग उगाच इन्सुलिन वाढतं.

इन्सुलिनच्या पेनालाही हाच नियम. नवी सुई लावली तरी आतल्या नळीत रक्त मागे जाऊ शकतं. दोघींना एक पेन कधीही नाही. पेनावर नाव आणि उघडल्याची तारीख लिहायची. बहुतेक इन्सुलिन उघडल्यावर २८ दिवस.

आईच्या डॉक्टरांना सांगून हिपॅटायटिस बीची रक्ततपासणी करून घे, आणि लशीबद्दल विचार. मावशींनाही ती लस हवी: तीन डोस, पहिल्यानंतर महिन्यानं दुसरा, सहा महिन्यांनी तिसरा.

बोलघेवडा | बुधवार, सकाळी ८.१५

मी पहिल्या प्रतिसादात शहाणपणा केला होता, मागे घेतो. आमच्या घरी मी आणि भाऊ दोघं मधुमेही, पेन एकच आहे. आत्ताच दुसरं मागवलं.

मांडवीकाठचा | बुधवार, सकाळी १०.४०

फोंड्याहून लिहितोय. बाबांना नाकातून नळी आहे, घरीच. सहा महिन्यांत चार केअरटेकर झाले. नळीतून औषध देताना सगळ्यांचं लक्ष पातळ झालं का, अडकलं का याकडे. नळीचं टोपण मात्र काढून पलंगावर ठेवायचे आणि तेच परत लावायचे. आता मी वाटीत स्वच्छ कापसावर ठेवायला लावलंय. सिरिंज दर वेळी धुऊन सुकवतो. नेब्युलायझरचा कप मात्र पहिले दोन महिने कुणी धुतच नव्हतं, आतला ओलावा तसाच. डॉक्टर ओरडले तेव्हा कळलं. प्रत्येक वापरानंतर धुवा, झटका, उघड्यावर वाळवा. मास्क ज्याचा त्याचा.

डोळ्यांच्या थेंबांचंही लिहा कुणीतरी.

निवृत्त_सिस्टर | बुधवार, सकाळी ११.२०

थेंब: हात साफ, खालची पापणी ओढून झोळी करायची, बाटलीचं टोक डोळ्याला, पापणीला, बोटाला लावायचं नाही. लागलं तर बाटलीतलं सगळं औषध नासलं. एक बाटली एका माणसाची. दोघींना एकच औषध लिहिलंय म्हणून एकाच बाटलीतून द्यायचं नाही. आधी चिकट डोळा पुसायचा असेल तर पुसून पुन्हा हात साफ. उघडल्यावर साधारण चार आठवड्यांनी टाकायची, भरलेली दिसली तरी.

गणितमास्तर | बुधवार, दुपारी १२.००

अवांतर: बांगड्या-अंगठ्यांचं काय? आमच्या मातोश्रींना सांभाळणाऱ्या ताईंच्या हातात अर्धा डझन काचेच्या बांगड्या आणि दोन अंगठ्या. काढा म्हणायला जीभ उचलत नाही.

केअरटेकर_सातारकर | बुधवार, रात्री ९.१०

काढा म्हणू नका. मी हातात एकेकच ठेवते, कामाला लागलं की कोपराकडं वर सरकवते. अंगठी घरी ठेवून येते, कारण तिच्याखाली साबण राहतो आणि खाज सुटते. मंगळसूत्र पदराच्या आत. नखं मात्र कापलेली पाहिजेतच, म्हाताऱ्या माणसाची कातडी कागदासारखी असते, नुसतं नख लागलं तरी फाटते.

माठाचं कुणीच लिहिलं नाही. गोळीसाठी पाणी घेताना पेला माठात बुडवतात आणि बोटंही बुडतात. ओगराळं ठेवा.

सूक्ष्मदर्शी | बुधवार, रात्री ९.४०

ओगराळ्याचा मुद्दा मला सुचायला हवा होता.

आणखी एक राहिलं: आजींचे स्वतःचे हात. ज्या आजी स्वतः वाटीतून गोळी उचलतात त्यांनी त्याआधी चष्मा, कवळी, जपमाळ, कॉटची दांडी, कुठे कुठे हात लावलेला असतो. फेरी सुरू होण्याआधी त्यांच्या हातांवरही दोन थेंब द्या. फक्त बाटली त्यांच्या उशाशी सोडू नका. स्मृतिभ्रंश असलेले लोक ती सरबत समजून पितात. २०२१ मध्ये यवतमाळ जिल्ह्यातल्या वणीत दारू मिळेना म्हणून सॅनिटायझर पिऊन माणसं मेली होती, ते आठवत असेल. मावशींच्या कमरेला अडकवायची छोटी बाटली सगळ्यात बरी. देव्हाऱ्यापाशी निरांजन लावायच्या आधी हात पूर्ण वाळू द्यावेत, अल्कोहोल भपकन पेटतं.

शेवंती | तीन आठवड्यांनंतर, रविवार, संध्याकाळी ६.३०

धागा वर काढतेय. उत्तरं देणं राहिलं होतं.

पेनाचं त्याच दिवशी फोनवर बोलले. व्यवस्थापक आधी म्हणाले, "इतकी वर्षं चाललंय, कुणाला काही झालं नाही." मी नॉर्थ कॅरोलायनाचं सांगितलं. पलीकडे थोडा वेळ शांतता. दुसऱ्या दिवशी आपोआप अडकणाऱ्या सुयांचा डबा आला. सामाईक पेन फेकलं का विचारलं तर "हो हो" म्हणाले. मी ड्रॉवर उघडून पाहिला, होतं तिथेच! मावशींनीच ते उचलून बादलीत टाकलं. आईची तपासणी निगेटिव्ह आली. सिस्टर, तुमचे आभार कसे मानू?

मावशींशी मात्र फोनवर बोलले नाही. सातारकर ताईंनी सांगितलं तसं बाजूला बसून, चहा घेत. पाच छोट्या बाटल्या नेल्या होत्या. मी सुरुवात करायच्या आधी त्याच म्हणाल्या, "ताई, मला माहितेय, त्या दिवशी तुम्ही बघत होतात." मग हात पालथे करून दाखवले. भेगा इतक्या, की मला बोलवेना. पुढच्या वेळी व्हॅसलीनचा डबा नेला.

आता ट्रेमध्ये बाटली आणि चौदा छोट्या वाट्या असतात. वाट्या फेरीनंतर गरम पाण्यानं धुतात. पहिल्या आठवड्यात गोळ्यांची फेरी दहा मिनिटं लांबली आणि दोन आजोबांनी नाष्ट्यावरून आरडाओरडा केला. आता जमलंय. बेसिनचं घोडं अडलंय, प्लंबर येतो येतो म्हणतोय. खिळ्यावरचं फडकं अजून तिथेच आहे, कागदी रुमाल "परवडत नाहीत". जुन्या सुती साड्यांचे हातरुमाल कापून द्यायचं ठरलंय, एकदा वापरला की धुण्यात.

फेरीच्या आधी आजींच्याही हातांवर थेंब पडतात. आईला आधी तो वास आवडायचा नाही, आता न चुकता हात पुढे करते. आज मी बाहेरून आल्या आल्या तिला पेढा भरवायला गेले, तर तोंड मिटून घेतलंन् आणि बाटलीकडे बोट दाखवलं.

बोलघेवडा | रविवार, संध्याकाळी ६.५०

पेढा कुठला होता?

शेवंती | रविवार, संध्याकाळी ७.००

साताऱ्याचा कंदी. मावशींच्या गावचा निघाला.